लाख

सोमाजी लोहाराकडे मी गेलो होतो
पेचकसाची मूठ बसवायला.
ढिली झाली होती, अठरा वर्षं
मीटरची झाकणं उघडून उघडून.

मी मीटर-रीडर. केशोरी, गोठणगाव, इळदा.
कुणाच्याही ओसरीत मला मज्जाव नाही.
मान वर करून आधी आकडे घेतो,
मग नजर खाली :
रांजणावर झाकण कशाचं,
खुराड्याला आडोसा कशाचा.
असे जमले एकशे बारा तवे.
झनकलाल पटल्याकडचा कणगीच्या तळाशी,
वर चौदा पोती धान, तरी न तडकलेला.
इळद्याच्या शाळेत एक घंटा म्हणून टांगलेला,
वाजत नव्हता, म्हणून कुणी चोरला नाही.
बायको म्हणते, घरात तवा एकच,
बाकीचं येड्याचं भांडार.

मे महिन्यात खिडकीला ओलं पोतं बांधून
मी त्यांना आडवे निजवतो.
नाहीतर कडा पापडासारख्या वळतात
आणि गाणारी बाई दर फेरीला एकदा
खड्ड्यातून गेलेल्या बंडीसारखी हिंदकळते.

तर, भात्यासमोर बसलो.
सोमाजीनं फडक्यातून काळा तुकडा काढला,
चिमट्यात धरला. वास आला.
हा वास मला ठाऊक.
निखाऱ्याच्या उजेडात तुकड्यावर रेघा दिसल्या,
आणि आतल्या कडेला जांभळा कागद, पेटत चाललेला.
"थांबा!" म्हणालो. तोवर मूठ भरली होती.

"लय पक्की लाख आहे जी," सोमाजी म्हणाला.
"ग्रामपंचायतीच्या पेटीतले सात-आठ होते.
तीस-चाळीस विळे बसवले म्या त्याच्यातून."

लाख. कदाचित इथल्याच पळसावरची.
फांदीला चिकटून किडे जी गाळतात, ती
पोत्यांतून कलकत्त्याला गेली असेल,
दळून, काजळी घालून दाबली असेल.
भोंग्यासमोर उभी राहून एक बाई तीन मिनिटं गायली
आणि शेवटी घाईघाईनं स्वतःचं नाव सांगितलं,
तेव्हा तशी रीत होती.
मग लाख आपल्या रानात परत आली.

उरलेला अर्धा सोमाजीनं मला देऊन टाकला.
पैसे घेईना. म्हणाला, त्यापरीस विळा घेऊन जा.
कागदावर उरलं होतं : मिस द्वार.
बाकीचं नाव माझ्या पेचकसात.

अर्धा तवा वाजत नाही. तरी रात्री
सुई हातानं टेकवली, हातानंच फिरवला.
अगदी आतल्या रेघेवर एक अक्षर आलं :
मा.
पुढे सुई खाली, फडक्यावर.
पुन्हा फिरवला. मा.
माझं असेल. मास्तर असेल.
बायको आतून ओरडली, निजा आता.

दिवाळीनंतर केशोरीच्या बांध्यांत कापणी.
फुलनबाई उईके, तिच्या सुना, आणखी सहाजणी
वाकून कापतात, कुणी बोलत नाही.
मी सायकल टेकवून उभा.
"काय पाहतस रे?"
"विळा कोणाकडून बसवला?"
"सोमाजीकडून. काऊन?
मी मरीन, पण तो ढिला व्हायचा नाही."

आता नवे मीटर आलेत. आत चकती फिरत नाही,
नुसता लाल दिवा लुकलुकतो.
मी झाकणाचा स्क्रू सोडवतो,
तवा फिरतो त्याच्या उलट,
हळूहळू,
मूठ तळहातात गरम होईस्तोवर.