कंसातली जागा

मुंजे चौकात त्याने ते आधी तागडीत टाकलं,
एक किलो चारशे.
मग माझ्याकडे पाहून म्हणाला, साडेतीनशे द्या,
हे रद्दीच्या भावात नाही जमत,
फार जुने लोक आहेत आत.
किती जुने, मी विचारलं नाही.
बॉयलरवर तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला
जुनं काय ते पाइपच्या आवाजावरून कळतं.

आठशे बारा पानं. ग्रीकांचं सगळं शहाणपण
एका पुठ्ठ्यात,
अक्षर खसखशीएवढं, इंग्रजी जुन्या वळणाचं,
दर ओळीला डिक्शनरीत एक फेरी.
आणि पहिल्या पानावर निळी शाई:
कु. देवकी लोणारे, एम. ए. पूर्व, १९७४.
खाली, दुसऱ्या दिवशी लिहिल्यासारखं,
'मेसचे पैसे यात गेले.'

कोराडीला रात्रपाळीत
उईके डबा उघडतो, मी हे.
काऊन बे, तो म्हणतो,
या वयात पास व्हायचं आहे काय?
मी सांगतो, यातला एक जण म्हणतो
जे आहे ते सगळं आग आहे.
उईके उठतो, भट्टीच्या झडपेशी जातो,
निळी काच डोळ्यासमोर धरून आत पाहतो
आणि बराच वेळ काही बोलत नाही.
परत येऊन पोळी मोडताना विचारतो,
त्याची ड्युटी कुठं होती?

घरी मे महिना. कूलरची खस वाळून कडक,
नळ दिवसाआड, तोही पहाटे चारला.
सगळं पाणी आहे म्हणणारा माणूस
पान नऊवर बसलेला,
आणि शालिनीने त्याच्यासकट सगळ्यांना
कुरडयांच्या गव्हाच्या गंजावर ठेवलं,
झाकण हलू नये म्हणून.
पुठ्ठ्यावर ओला गोल उमटला तो अजून आहे.
मी चिडलो.
ती म्हणाली, तीन दिवस गहू नीट भिजला,
आलं की नाही तुमचं पुस्तक कामी?
याचं उत्तर आठशे पानांत कुठेतरी असेल.
आणि सगळं कणाकणांचं बनलंय हे मी वाचून दाखवलं
तेव्हा ती दोरीवरचे कपडे झटकत होती,
राख उडाली,
नवीन काय सांगून राहिले, म्हणाली.

या लोकांचं पुष्कळ हरवलंय.
कुणाची अख्खी पोथी गेली, उरली अर्धी ओळ,
तीही दुसऱ्याने भांडताना
त्याचं चुकलंच कसं ते दाखवायला सांगितली म्हणून.
गेलं तिथे चौकोनी कंस, आत तीन टिंबं.
देवकीने त्या कंसांत पेन्सिलने शब्द भरलेत.
एका ठिकाणी 'भूक?'
एका ठिकाणी 'मुळात नव्हतंच.'
एका ठिकाणी नुसतं 'सरांना विचारणे.'
आधी मी खोडरबर आणलं होतं.

दोनशे बारा पानांनंतर पेन्सिल नाही.
परीक्षा झाली, की लग्न, की मेस बंद झाली,
मी तीन गोष्टी रचल्या, तिन्ही सोडून दिल्या.
पुराव्याशिवाय बोलू नये
एवढं तरी या मंडळींनी शिकवलंच आहे,
जरी ते स्वतः
पुराव्याशिवाय सूर्यावर बोलत होते.

शेवटच्या कंसातला शब्द तिने स्वतःच खोडलाय.
मी प्लांटवरची बॅटरी तिरपी धरली,
कागदावर नुसता दाब उरला होता.
उजेड सरकवत सरकवत तो लागला:
'उद्या.'
पुढची ओळ त्याने जुळत नाही. व्याकरण बसत नाही.
मूळ शब्द काय होता कुणालाच माहीत नाही,
ज्याने लिहिला त्याच्या गावालाही नाही.

आज सुट्टी. साडेतीन वाजलेत,
रिकाम्या बादल्या मोरीत रांगेने.
दोनशे तेराव्या पानावर तिसऱ्या ओळीत कंस आहे.
मी पेन्सिलीला टोक काढलंय.
आतून शालिनी विचारते, लाइट कशाला?
नळ यायला अजून अर्धा तास आहे.