सुंगट, रोज एक

पत्र्याच्या बिस्किटडब्यात एकतीस चिठ्ठ्या,
जुन्या वीजबिलांच्या पाठीवर,
बेर्नादेतमायच्या रोमी अक्षरांतल्या.
ऑक्टोबरभर सकाळी एक उघडायची
आणि रात्री दिवा मालवण्याआधी एक चित्र.
अट एकच : चित्रात मांजर हवी.
माझ्याकडे मांजर नव्हती.
दिवसभर मी पंपांचे भाग काढते,
नट, वॉशर, बाण, क्रमांक सात,
असली चित्रं कुणी फ्रेम करत नाही
आणि ती चुकली तर पाणी चढत नाही.

पहिली चिठ्ठी, नुस्तें.
शाईचा थेंब सांडला, वळला कोळंबीसारखा,
मी त्याला कान दिले.
नाव आपोआप पडलं : सुंगट.

चौथ्या दिवशी ती पोदेराच्या टोपलीत,
पोयींवरच्या निळ्या प्लास्टिकखाली दोन डोळे.
पाचव्या दिवशी काही सुचेना,
नुसतं ढुंगण काढलं, खुर्चीवरून उतरणारं.
तेच सगळ्यांना आवडलं.

सगळे म्हणजे,
रायबंदरच्या धक्क्याकडे माझी खिडकी,
तिच्या काचेला मी आतून चित्र चिकटवते,
आणि बाहेर फेरीबोटीची वाट बघणारे :
चोडणचे एक मास्तर, हेल्मेट काखेत धरलेली नर्स,
आणि नुस्तेकान्न रोझालिना,
जिने डोक्यावरची पाटी न उतरवता सांगितलं,
मिशा मागे कशा?
बांगडा दिसला की त्या पुढे येतात.
दुसऱ्या दिवशी मी पुढे आणल्या.
तिने मान हलवली, पाटीसकट.

अकरावी चिठ्ठी, वेळ.
मी घड्याळ काढलं, काट्याला लोंबकळणारी सुंगट.
बेर्नादेतमाय खोकला येईस्तोवर हसली,
"अगो बाय, वेळ म्हणजे दर्याची वेळ! रेंव!"
मग घड्याळाखाली वाळू ओढली.
सुंगट त्या वाळूत काय उकरतेय
हे शाळेच्या पोरांना समजावून सांगावं लागलं नाही.

राक्षस या शब्दाला
वाड्यावर नरकासुर उभा राहत होता,
बांबूचे बरगडे, पोटात कागद भरायचा बाकी.
मी तिला त्या पोटात झोपवलं.
पोरांनी ते पाहून खरंच पुठ्ठ्याची मांजर आत बसवली
आणि पहाटे जाळण्याआधी काढून घेतली.
साईश म्हणाला, तिने काय केलंय?

बावीस. ताप.
काच रिकामी.
संध्याकाळी दाराखालून विडीच्या पाकिटाचा तुकडा सरकला,
फेरीवर दोर बांधणाऱ्या गुरुदासचा,
निळ्या बॉलपेनने मांजर, पाय पाच.
बरी झाल्यावर विचारलं, पाचवा कशाला?
"बोट हलते," तो म्हणाला,
जणू मीच कधी बोटीत बसले नव्हते.
तो तुकडा तसाच लावला, कोपऱ्यात आकडा घालून.
तेव्हापासून माझ्याही सुंगटला, वारं असेल त्या दिवशी,
पाच.

हे कुणाला सांगू नये, पण
पंपाच्या पुस्तिकेत, क्रमांक बारा,
वॉशरच्या भोकातून शेपटीचं टोक बाहेर आलंय.
कंपनीच्या माणसाने दोनदा तपासून सही केली.

आज एकतीस.
चिठ्ठी कोरी निघाली.
बेर्नादेतमाय सायबाची शपथ घेऊन सांगते, लिहिली होती,
मग म्हणते, काय लिहिलं ते मात्र आठवत नाही,
मग म्हणते, तूच बघ.
मी कागद उलटा केला :
मार्चचं बिल, मागील बाकी शून्य.

शेवटच्या फेरीचा भोंगा झाला.
गुरुदासने दोर सोडता सोडता हनुवटीनेच विचारलं, आज काय?
मी पेन वर धरून दाखवलं. अजून नाही.
खाली धक्क्यावर, दिव्याच्या खांबाशी,
एक करडी, कुणाचीच नसलेली,
रोझालिनाच्या रिकाम्या पाटीत अर्धी शिरलेली,
फक्त ढुंगण बाहेर.
मिशा दिसत नाहीत इथून.
पुढेच असणार.