निघालंय

डॉक्टर म्हणाले होते, सहा आठवडे.
मनगटावर बोटभर टाका, आत
धमनीचं रक्त शिरेत वळवलेलं.
शीर फुगेल, जाड होईल, मग सुई तिथूनच.
मला हसू आलं. पांझरेच्या बंधाऱ्यावर
बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं, साहेब?
नदीतून पाटात, पाटातून चारीत, चारीतून फडात.
इकडचा चिखल फोडायचा, तिकडं लावायचा.

निळा रबरी चेंडू दिला त्यांनी.
शंभर वेळा दाबायचा, दिवसातून पाचदा.
मी साक्री ते धुळे एस.टी.त दाबला,
मशीनवर चार तास पडून दाबला,
मानेतल्या नळीतून रक्त जात-येत असताना.

रात्री कौतिक मनगटाला कान लावायची.
माझे दोन्ही कान कधीच गेलेत.
एके काळी बांधावर बसून, बॅटरी न लावता
सांगायचो, पाट भरून चाललाय
की खेकड्यानं कुठं भोक पाडलंय.
आता अंधारात तिलाच विचारायचं:
"येस का पानी?"
"येस. चक्कीगत घरघरस."

सातव्या सोमवारी हातावर गार जेल लावलं.
डॉक्टर निकुंभ, पोरगाच तसा,
पडद्याकडे बघत बराच वेळ बोलला नाही.
तीन मिलिमीटर. सहा पाहिजे होती.
मग केसपेपरच्या मागं रेघ ओढली:
जोडापाशीच चिंचोळी झालीय,
आणि इथून हा फाटा फुटतो, अर्धं रक्त तिकडंच.
"आडचारी," मी म्हणालो.
"ती बुजवल्याशिवाय मोठा पाट भरत नाही."
"अगदी तसंच, आप्पा."

अगदी तसंच नव्हतं.
पाट मातीचा. पाणी आलं की रुंद होतो.
शीर जिवंत असते.
एकदम एवढा लोंढा आला की भेदरते,
आतल्या आत स्वतःला लिंपत जाते,
भिंतीवर भिंत.
आलेल्या पाण्याला नको म्हणणारा पाट
मी कधी पाहिला नव्हता.

या हाताला पूर्वी सुया किती टोचल्या?
काय सांगू. अंग दुखलं की सलाईन,
पोरीचं लग्न उरकलं म्हणून सलाईन,
सगळा गावच घ्यायचा, चहासारखी.
डाव्याच हातात,
उजवा फावड्याला लागायचा.
एका एका बाटलीनं आत गाळ बसत गेला.
बियाणं राखतात तशी एखादी शीर राखायची असते,
हे कुणी बोललं नाही. कुणाला माहीत होतं?

आता कोपराजवळ जोडतील. वर शीर मोठी असते.
तारीख मिळाली आहे.

परतीच्या गाडीत नेर गेलं
तरी कौतिक खिडकीतून बाहेरच बघत होती.
मग म्हणाली, "माले माहीत व्हतं.
पंधरा दिन व्हयनात. घरघर गई,
बारीक शीळ वाजे."
पंधरा रात्री ती येस म्हणत होती.
सांगितलं असतं तर तुम्ही चेंडू टाकून दिला असता, म्हणाली.

मी काही बोललो नाही.
शेवटच्या बांधावरचा हिलाल आठवला,
रात्री दोनला कंदील घेऊन उभा.
वर पाट फुटलाय हे मला ठाऊक होतं,
तो वरून ओरडून विचारायचा, सुटलं का पाणी,
आणि मी दर वेळी सांगायचो,
निघालंय, हिलाल, निघालंय.
तो कंदील खाली ठेवायचा
आणि वाफ्याचं तोंड उकरत बसायचा.

चेंडू खिशात होता.
साक्री यायला अजून अर्धा तास होता.