हिसका न देता

चिलोए बेटावर घर हलवायचं ठरलं
की सुताराआधी बैल बोलावतात.
उबाल्दिना चिग्वायचं घर दुमजली,
भिंतींना लाकडी खवले, माशासारखे.
खाडीपलीकडे लेकीच्या शेतात न्यायचं होतं.
बारा जोड्या, खाली ओंडके, दोराला सगळं गाव.
मजुरी म्हणजे संध्याकाळी बटाटे, मेंढीचं मटण
आणि सफरचंदाची दारू.

गुएन्तेओ मास्तर माझ्या पुढे दोर धरून.
ओढतानाही शिकवायचं थांबेनात:
"बघ, बैल खुरांनी जमीन मागे रेटतात
म्हणून घर पुढे येतं.
आता समज, जमीनच न्यायची आहे
दुसऱ्या ताऱ्याच्या अंगणात.
खुरं कशात रोवशील?"

मी नेमका तेव्हाच चिखलात आपटलो.
मास्तरांनी तेच उत्तर धरलं.

"सेकंदाला तीस किलोमीटर पळतोच आहोत आपण.
सूर्याचं दावं तोडायला आणखी बारा हवेत.
फक्त बारा. पण हिसका नको."
पुढून रुदेसिंदो बैलांवर तेच ओरडत होता,
हळू रे, हळू, काचा आहेत!

"म्हणून एक धोंडा घ्यायचा, जिल्ह्याएवढा,
पृथ्वीच्या पुढून न्यायचा, न शिवता.
दोर नाही, गाठ नाही,
नुसती वजनाला वजनाची ओढ.
आपला थोडा वेग तो आपल्याला देईल,
मग गुरूच्या दारी जाऊन उसना आणील.
सहा हजार वर्षांतून एक फेरी. अशा लाखो."

"तोवर सूर्य म्हातारा होईल."

"होईल. म्हणून तर निघायचं."

भरती चढली, घर पाण्यावर आलं,
दोन मचवे त्याला ओढू लागले.
धुराड्यातून धूर. चूल विझवायला
उबाल्दिनाने साफ नकार दिला होता.

"वाटेत हवाच गोठून पडेल," मास्तर म्हणाले,
"दहा मीटर जाड थर. समुद्र वरून मिटेल.
पण तळाशी..." आणि त्यांनी धुराड्याकडे बोट केलं.
"शेजारचा तारा गाठायला बेचाळीस हजार वर्षं."

"वर्षं?" उबाल्दिना मचव्यातून म्हणाली.
"सूर्यच मागे राहिला तर वर्ष कशाचं मोजता?"
मास्तर दोर धरून गप्प.
"आणि ही भरती? चंद्र येणार ना बरोबर?"
"हळू ओढलं, तर येईल."

घर पलीकडे चढलं. एक काच गेली, जिन्याजवळची.
दार आता मावळतीला. लोक जेवले, नाचले,
कुणाचा तरी जोडा चिखलातच राहिला.

अलीकडे, जुन्या जागी,
फिकट गवताचा एक चौकोन
आणि त्यात उबाल्दिनाचा कुत्रा, तिसोन.
तीन दिवस खाडीवरून हाका मारल्या.
तो कान टवकारायचा, उठायचा नाही.

चौथ्या दिवशी मास्तर होडी घेऊन गेले,
खिशात हाडूक, हातात सुतळी.
दुपारी परत आले, एकटेच,
मनगटावर दातांचे वळ.

"जरा जोरात ओढलं मी," म्हणाले.