दोन बोटं

फोर्ट पोर्टलच्या पुढे चहाचे मळे संपतात
तिथे मोटरसायकल ठेवून मी चालत जाते.
पिशवीत पाण्याची जुनी बाटली,
आत हिरवं मॉर्फिन.
हिरवं म्हणजे सौम्य. लाल अजून लागलेलं नाही.

"अकीकी, हात दाखवा."
इथे दुखणं हातावर मोजतात:
मूठ मिटलेली, तर काही नाही.
पाचही बोटं उघडी, तर सोसवत नाही.
कातुरामु पाचही उघडतो
आणि दुसरा हात उचलू बघतो.

सायकलवर केळ्यांचे सहा-सहा घड लादून
चढ चढणारा माणूस,
आता मणक्यात गाठ
आणि अंगावरची चादरही जड.

पूर्वी मी नुसत्या पांढऱ्या गोळ्या आणायचे.
त्या बऱ्या; डोकं, दाढ, अंगातली कसकस.
हाडातल्या कळेपुढे त्या म्हणजे
पुरापुढे केरसुणी.
कुंपणापासूनच विव्हळणं ऐकू यायचं
आणि माझी पावलं मंदावायची, खोटं कशाला बोलू?

मुलगा दारात उभा.
"यानं गाठ विरघळते?"
नाही.
"मग हे करतं काय?"
गाठ ओरडतच राहते, मी सांगते,
पण कण्यात एक उंबरठा आहे,
तिथे हे औषध बसतं आणि निरोप अडवतं.
एखादा निसटून वर मेंदूत पोचलाच,
तर त्याच्यासाठी कुणी धावत उठत नाही.
ही कुलपं अंगात जन्मापासूनच असतात.
अंग आपली किल्लीही घडवतं, पण चिमुकली;
एवढ्या दाराला पुरत नाही.

"सवय लागेल त्यांना."
दर चार तासांनी द्या, मी म्हणते,
दुखायची वाट बघू नका.
निजताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको.
आणि पपईच्या बिया वाळवून, कुटून,
कारण हे आतड्यांनाही झोपवतं.
कोबुसिंगे पदराआड हसते:
नवऱ्याच्या शौचाची एवढी चौकशी
लग्नात पुरोहितानंही केली नव्हती.

तिसऱ्या भेटीत
कातुरामु उशीला टेकून बसलेला.
दोन बोटं वर.
"हे मणक्याचं," तो म्हणाला,
"आणि हे सायकलचं.
विकली त्यांनी. मी झोपलो होतो तेव्हा."

वहीत मी एक लिहिलं.
दुसऱ्यापाशी बसून राहिले
कपातला चहा निवेपर्यंत.