बैसा

इथल्या मोडीला बैसा म्हणतात.
पहिल्या महिन्यात फार हसू यायचं.
आमच्या दिव्याआगरला जुनी माणसं
उंबऱ्यातूनच म्हणत, बैसा,
आणि मागोमाग पाण्याचा तांब्या, गुळाचा खडा.

सोहारच्या या सरकारी दवाखान्यात
तीन नंबरच्या खिडकीमागे मी बसते.
बिल्ल्यावर अरबीत नाव.
त्यांच्या लिपीत प नाही, च नाही,
तेव्हा प्रमिला पांचाळची ब्रमिला बांशाल झाले,
आणि आता त्या हाकेला वळतेही.

रविवारी परिपत्रक आलं :
एक तारखेपासून परदेशी रुग्णांची खिडकी वेगळी,
केसपेपरला दोनशेचे पाचशे बैसा,
पुढचं विमा कंपनी पाहील.
शेवटच्या ओळीत 'शाश्वतता' असा काहीसा शब्द,
हिंदीत उतरवताना मी तो दोनदा खोडला
आणि गाळला.
रांगेत कुणाला लागणार नव्हता.

इक्बाल हुर्जुक, म्हसळ्याचे,
बंदरावर परांच्या बांधतात.
टाचेला जखम, साखर साडेतीनशे.
कार्ड सरकवलं. पडद्यावर लाल पट्टी :
आजार पूर्वीपासूनचा, खर्च मंजूर नाही.

"पूर्वीपासूनचा म्हणजे कधीपासूनचा, बाय?
उतरलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो,
दोन्ही टाचा शाबूत.
एकतीस उन्हाळे इथंच गेले.
माझं पूर्वी, ते इथलंच ना?"

कंपनीच्या फोनवरची पेटी अकरा मिनिटं ऐकली.
नाही म्हणणारा मुलगा पुण्यातून बोलत होता,
'मॅडम'मधल्या डवरून कळलं.
मराठीत बोलूया का, विचारलं.
म्हणाला, कॉल रेकॉर्ड होतोय.

बाकावर खमीस बिन सुवैद.
त्यांची खिडकी एक नंबरची, त्यांना पैसे नाहीत,
अजून.
हा 'अजून' त्यांचाच.
बाही सारून मनगटावरचा डाग दाखवला :
लहानपणी कावीळ, डॉक्टर दोन दिवसांवर,
सळई मात्र चुलीतच होती.
माझ्या भावाच्या दंडावरही आहे, मी म्हटलं,
आणि गर्दी असूनही आम्ही थोडा वेळ
डागांबद्दलच बोललो.

मग तेल निघालं, ते म्हणाले, मग रस्ता,
मग ही इमारत.
मी एक वीट उचलली नाही. कुणी उचलल्या ते पाहिलंय.
हे इक्बालच्या टाचेकडे पाहत.
नात मंत्रालयात आकडे मांडते.
म्हणते, आजोबा, तेल सरतंय, माणसं वाढतायत.
पुढचं बोलत नाही,
ताटातला भात बोटांनी सारखा करत बसते.

परिपत्रक मागून घेतलं. बोट ठेवत वाचलं.
मी गाळलेल्या शब्दापाशी बोट थांबलं.
"टिकायला हवं, असं लिहिलंय," म्हणाले,
"कुणी, ते नाही लिहिलं."

रात्री वहिनीचा फोन :
तालुक्याला सोनोग्राफी फक्त गुरुवारी,
आणि गुरुवारी डॉक्टर रजेवर.
तू बाई सुटलीस.
मी हो म्हटलं.
साठीला माझा परवाना संपेल, तेव्हा
कुठल्या खिडकीच्या कुठल्या बाजूला असेन,
ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

सकाळी तळघरातून जुनी रजिस्टरं काढली.
नवव्यात सापडलं : हुर्जुक, इक्बाल,
साखर पहिल्यांदाच वाढलेली, दिवसपाळी,
याच दवाखान्यात, याच शाईच्या शिक्क्याखाली,
उतरल्यानंतर सोळा वर्षांनी.
फोटो काढून कंपनीला धाडला.
पडदा म्हणतो : विचाराधीन.

ते काचेपलीकडे उभे, एका पायावर भार देऊन,
मुठीत पाचशेची नोट.
नोट ठेवा, मी म्हटलं. बैसा.
त्यांना आधी कळलं नाही,
मग कळलं.
खुर्ची ओढली, दुसऱ्या खुर्चीवर टाच टेकवली,
आणि मी आतून कापूस मागवला.