वजा चाळीस

हाल्लायार्वी तळ्याच्या टोकाला एक बंद लाकूडगिरणी.
तिच्या दारात इर्याने तिपाई रोवली,
थिओडोलाइटला डोळा लावला.
डावीकडे सुतात पाच किलोमीटर: विल्होचं घर, लाल.
उजवीकडे आठ: तौनोचं, तेही लालच,
एकाच डब्यातला रंग, तेव्हाचा.

नगरपालिकेला फक्त केबल टाकायची आहे,
या घरापासून त्या घरापर्यंत, पाण्याखालून.
किती मीटर, एवढं सांगा.

पाण्यावर फीत धरायची कुणी?
दोन टोकांना दोन माणसं लागतात,
आणि ही दोन टोकं
नावेच्या वाटणीपासून
एकोणीस वर्षं बोलत नाहीत.

माझ्या लिपीत अशांसाठी तीन आणि सहा
पाठीला पाठ लावून बसलेले असतात.
त्यांच्या आकड्यांत ती सोय नाही.
तिथे नुसतं म्हणतात,
विल्हो हल्ली त्या अंगाला मासे धरत नाही.

मधला कोन आला साठ अंश.
इर्या गुडघ्यावर वही ठेवून मांडते:
पाचाचा वर्ग पंचवीस, आठाचा चौसष्ट,
बेरीज एकोणनव्वद.
इथेच थांबता आलं असतं
दोघे काटकोनात असते तर,
भिंत जशी जमिनीला:
ना कल, ना कुरकुर.
कोन आणखी फाकला असता
तर वजाच्या पोटात वजा,
अंतर उलट फुगलं असतं.

पण साठ म्हणजे कल आहे अजून.
एका बाजूची सावली दुसरीच्या अंगावर पडते,
ती किती पडते, तेवढंच कोसाइन सांगतं,
जुन्या पुस्तकांतली कोज्या.
दोन गुणिले पाच गुणिले आठ, त्याचं अर्धं.
वजा चाळीस.

पेन्सिल चाळिसावर जरा रेंगाळते.
उरले एकोणपन्नास. मूळ सात.
रस्त्याने तेरा, पाण्यातून सात.
‘सात हजार मीटर,’ ती अर्जात लिहिते,
‘अधिक तळातला खड्डा, अधिक थोडी ढील.’

फेब्रुवारीत बर्फ ट्रक पेलेल इतका झाला.
केबलवाल्यांना खूण म्हणून
इर्याने त्या रेषेवर स्प्रूसच्या फांद्या रोवल्या
आणि आठवड्याने पाहायला गेली.

विल्होच्या बाजूने ढकलगाडीचे दोन ओरखडे
फांदी फांदी धरत आले होते
चौथ्या किलोमीटरपर्यंत.
तिथे गिरमिटाने पाडलेलं भोक,
त्यावर धरलेली नवी पापडी,
काठाशी माशाचे चार खवले.
पुढचे तीन किलोमीटर कोरे.

सूत्राला दोन बाजू लागतात, मधला कोन लागतो.
तिसरीवरून कोण चालेल
हे त्यात कुठे येतं?

इर्याने एक कललेली फांदी सरळ केली,
हातमोज्यावरचा बर्फ झटकला
आणि कोऱ्या बाजूने निघाली.
तौनोला विचारायचं होतं,
मीटर कुठल्या भिंतीवर बसवायचा.